वर्कहाऊसची कसोटी : श्रीमंत इंग्लंडने गरिबाची 'पात्रता' कशी मोजली

१८४५ सालच्या ऑगस्ट महिन्यात ब्रिटिश संसदेत एक प्रश्न विचारला गेला. विचारणारे होते टॉमस वॅकली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाचे संस्थापक आणि खासदार. हॅम्पशायर परगण्यातील अँडोव्हर येथील वर्कहाऊसमध्ये हाडे कुटण्याच्या कामावर बसवलेली माणसे त्याच हाडांना चिकटलेले मांस आणि आतला मगज भुकेपोटी खातात, हे सरकारला ठाऊक आहे काय, असा तो प्रश्न होता. हाडे घोड्यांची आणि गुराढोरांची. ती कुटून शेतीसाठी खत तयार करायचे, हे तेथील पुरुषांचे नेमलेले काम. पुढे झालेल्या चौकशीत साक्षीदारांनी सांगितले की ताजी हाडे आली की माणसांत त्यांच्यासाठी झोंबाझोंबी होई आणि ज्याच्या हाती चांगला तुकडा लागे तो इतरांच्या नजरेआड लपवून ठेवी.

इंग्लंडमध्ये तेव्हा दुष्काळ नव्हता. जगातील सर्वांत श्रीमंत देश तो हाच, आणि अँडोव्हरच्या कोठारात धान्यही होते. ही माणसे गुन्हेगार नव्हती. म्हातारी, आजारी किंवा बेकार होती आणि कायद्याने देऊ केलेली मदत घेण्यासाठी आत आली होती. त्यांच्यावर ही पाळी का आली, याचे उत्तर एका मास्टरच्या दुष्टपणात शोधता येते आणि तेव्हा बहुतेकांनी तेथेच शोधले. पण त्या मास्टरच्या मागे एक तत्त्व उभे होते. ते विचारपूर्वक, पुरावे गोळा करून आणि देशातील हुशार माणसांनी एकत्र बसून मांडले होते.

आपल्याकडे 'सत्पात्री दान' हा शब्द जुना आहे. दान द्यावे, पण पात्र पाहून द्यावे. इंग्लंडने हाच विचार तीनशे वर्षे कायद्याच्या भाषेत चालवला. एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत, १६०१ साली झालेल्या गरीब-कायद्याने प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीने आखलेल्या गावघटकावर, आपल्या गरिबांचा भार टाकला. घरजमीन बाळगणाऱ्यांकडून गरीबपट्टी वसूल करायची आणि त्यातून वृद्ध, अपंग, अनाथ यांना पोसायचे; धडधाकटांना काम द्यायचे; काम नाकारणाऱ्याला शिक्षा करायची. युरोपात अशी देशव्यापी, करातून चालणारी व्यवस्था त्या काळी दुसरीकडे क्वचितच सापडते. तिचे श्रेय इंग्लंडला दिले पाहिजे. मात्र मदतीबरोबर खूणही आली. १६९७ च्या कायद्याने मदत घेणाऱ्या कुटुंबाने उजव्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडात कापलेले 'पी' हे अक्षर, जोडीला पॅरिशचे आद्याक्षर, शिवून वावरायचे होते. 'पी' म्हणजे पॉपर, सार्वजनिक खर्चावर जगणारा. हा नियम कागदोपत्री १८१० पर्यंत टिकला.

अठराव्या शतकाच्या अखेरीस युद्ध आणि नापिकी यांनी पाव महागला. १७९५ साली बर्कशायरच्या न्यायाधीशांनी स्पीनहॅमलंड येथील एका खानावळीत बसून ठरवले की मजुरी पुरत नसेल तर पावाचा भाव आणि घरातील तोंडे पाहून उरलेली रक्कम पॅरिशने भरून द्यावी. दक्षिण इंग्लंडमध्ये या ना त्या रूपाने ही पद्धत पसरली आणि खर्च वाढत गेला. १८०३ च्या सुमारास वर्षाला चाळीस लाख पौंडांच्या आसपास असलेली गरीबपट्टी १८३२ पर्यंत सत्तर लाखांच्या घरात पोहोचली. माल्थससारखे विचारवंत म्हणू लागले की ही मदतच गरीब निर्माण करते: मजूर आळशी होतो, लवकर लग्न करतो, आणि शेतमालक मजुरी कमी ठेवतो, कारण उरलेले पॅरिश देणारच असते. यातला शेवटचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता, पण कमी मजुरी देणाऱ्याच्या चारित्र्याची चौकशी करावी असे कोणाला सुचले नाही. १८३० साली दक्षिणेकडच्या शेतमजुरांनी मळणीयंत्रे फोडली, गंजी पेटवल्या, आणि जमीनदारवर्गाचा धीर सुटला.

१८३२ साली नेमलेल्या शाही आयोगाचे सूत्रधार होते अर्थशास्त्रज्ञ नॅसॉ सीनियर आणि एडविन चॅडविक. त्यांच्या १८३४ च्या अहवालातील मुख्य तत्त्व एका वाक्यात सांगता येते: मदत घेणाऱ्याची अवस्था ही स्वतःच्या श्रमावर जगणाऱ्या सर्वांत हलाखीतल्या मजुरापेक्षाही कमी हवीशी असली पाहिजे. त्यावरून मदतीची रीतही ठरली. धडधाकट माणसाला घरबसल्या पैसे किंवा पाव द्यायचा नाही; हवे असेल तर त्याने कुटुंबासह वर्कहाऊसमध्ये यावे. खरा गरजू येईल, ढोंगी येणार नाही. कोणाच्या चारित्र्याची चौकशी नको, शेजाऱ्यांना विचारणे नको. दार स्वतःच निवाडा करील. या योजनेतली बौद्धिक चतुराई नाकारता येत नाही. तिच्यातली खोटही त्या दारातच होती. जो दारातून परत फिरला त्याला गरज नव्हती, असे धरून चालायचे होते. तो परत फिरून कोठे गेला, काय खाल्ले, त्याच्या घरात कोण मेले, हे मोजण्याची सोय या हिशेबात नव्हती. आयोगाने देशभरातून प्रश्नावल्या मागवल्या होत्या. पण १९६० च्या दशकात मार्क ब्लॉग या अर्थशास्त्रज्ञाने ती माहिती पुन्हा तपासली, तेव्हा आयोगाचे निष्कर्ष त्यांच्याच पुराव्यातून निघत नाहीत असे त्याला दिसले. निष्कर्ष आधी ठरले होते.

अंमलबजावणीत आणखी एक अडचण होती. त्या काळचा शेतमजूर मुळातच पाव, बटाटे आणि पातळ चहावर जगत असे. त्याच्याहून खालची अवस्था निर्माण करायची तर पोटाला आणखी चिमटा काढायला जागाच उरली नव्हती. मग जे काढून घेता येण्यासारखे होते ते काढून घेतले गेले. सुमारे पंधरा हजार पॅरिशे जोडून सहाशेच्या आसपास संघ बनवले गेले आणि संघांची वर्कहाऊसे उभी राहिली. आत आल्यावर अंगावरचे कपडे जमा करून गणवेश मिळे. नवरा एका भागात, बायको दुसऱ्या, मुले तिसऱ्या. जेवण मुकाट्याने. काम म्हणजे दगड फोडणे, जहाजांच्या जुन्या डांबरलेल्या दोरखंडांचे धागे बोटांनी पिंजणे, आणि हाडे कुटणे. साठीच्या पुढच्या दांपत्यांना तरी एकत्र राहू द्यावे, ही सवलत कायद्यात यायला १८४७ साल उजाडले. मरणानंतरही सुटका नव्हती: १८३२ च्या शरीरविच्छेदन कायद्यानुसार वर्कहाऊसमध्ये मेलेल्याचे प्रेत कोणी नातेवाइकाने मागितले नाही तर ते वैद्यकीय विद्यार्थ्यांकडे जाऊ शके. गरीब वस्त्यांतील माणसे पोटाला न खाता अंत्यविधीच्या विम्याचे हप्ते का भरत, हे यावरून उमजते.

चार्ली चॅप्लिन १८९६ साली सात वर्षांचा असताना आई आणि भावासह लंडनच्या लॅम्बेथ वर्कहाऊसमध्ये दाखल झाला. तेव्हाही आईला एकीकडे आणि मुलांना दुसरीकडे नेले गेले. कायदा होऊन बासष्ट वर्षे झाली होती.

अँडोव्हरच्या बाबतीत पुढे काय झाले ते थोडक्यात सांगण्यासारखे आहे. प्रकरण उघड करणारा ह्यू मंडी हा शेतकरी स्वतः त्या संघाच्या मंडळावर होता; सहकाऱ्यांनी साथ दिली नाही म्हणून त्याने वॅकली यांच्याकडे धाव घेतली. मास्टर मॅकडूगल हा सैन्यातून निवृत्त झालेला वॉटर्लूच्या लढाईतला सार्जंट-मेजर. कैद्यांच्या वाटच्या धान्यसामग्रीचा काही भाग त्याच्या घरात जात असल्याचे चौकशीत निघाले. केंद्रीय आयुक्तांनी हाडे कुटण्यावर बंदी घातली आणि सगळे खापर पार्कर नावाच्या आपल्या सहायकावर फोडून त्याला राजीनामा द्यायला लावले. संसदीय समितीने मात्र १८४६ साली आयुक्तांनाच धारेवर धरले आणि पुढच्या वर्षी ते आयुक्तालय बरखास्त होऊन त्याच्या जागी नवे मंडळ आले. तत्त्वाला हात लागला नाही.

त्या तत्त्वाला पहिला मोठा धक्का बसला तो अमेरिकेतून. तेथील यादवी युद्धामुळे १८६१ पासून कापूस येणे थांबले, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि १८६२ च्या अखेरीस जवळपास पाच लाख माणसे मदतीवर होती. (त्याच कापसाच्या टंचाईने मुंबईत पैशाचा पूर आला होता, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो ओसरून पेढ्या बुडाल्या.) लँकेशायरचा गिरणीकामगार म्हणजे काटकसरी, बचत बँकेत पैसे ठेवणारा, उद्योगी म्हणून सगळीकडे वाखाणला गेलेला माणूस. हाच जर एका सागरापलीकडच्या युद्धाने कंगाल होत असेल, तर दारिद्र्य हा चारित्र्याचा दोष कसा? हा प्रश्न काही काळ वर्तमानपत्रांतून विचारला गेला. कापूस परत आला आणि प्रश्न मागे पडला.

तोवर लंडनमध्ये उलटीच चिंता वाढत होती. शहरात शेकडो खासगी धर्मादाय संस्था होत्या. एकच माणूस चार ठिकाणी हात पसरतो आणि फसवणूक होते, अशी तक्रार होती. १८६९ साली 'चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी' स्थापन झाली आणि त्याच वर्षी मंत्री जॉर्ज गोशेन यांनी वाटणी सुचवली: सुधारण्याजोगे गरीब धर्मादायाकडे, उरलेले वर्कहाऊसकडे. १८३४ ची व्यवस्था दारावर विसंबली होती. या संस्थेने तिच्या जोडीला वही आणली. मागणाऱ्याच्या घरी स्वयंसेवक जाई, खोली पाही, मालकाला, घरमालकाला, पाद्र्याला विचारी. मग समिती बसे आणि माणूस 'लायक' की 'नालायक' ते ठरे. दारू, कर्ज, बचतीचा अभाव ही नापसंतीची ठरीव कारणे. बचत करण्याइतकी मिळकत होती काय, हे त्या मानाने कमी विचारले जाई.

या मंडळींना निर्दय म्हणून निकालात काढणे सोपे आहे, पण अन्यायाचे होईल. ऑक्टेव्हिया हिल यांनी १८६५ पासून लंडनच्या मोडकळीस आलेल्या चाळीवजा घरांची डागडुजी करून ती माफक भाड्याने दिली. भाडे स्वतः किंवा आपल्या सहकारी स्त्रियांकरवी दर आठवड्याला दारोदार जाऊन गोळा केले आणि शेकडो कुटुंबांना नावानिशी ओळखले. फेकलेले नाणे माणसाला मिंधे करते, ओळख त्याला उभे करते, यावर त्यांची खरी निष्ठा होती. आजचे व्यावसायिक समाजकार्य त्यांच्या कार्यपद्धतीचे बरेच देणे लागते. पण त्याच निष्ठेपोटी संस्थेने शाळेतील मोफत जेवणाला विरोध केला आणि वृद्धांच्या निवृत्तिवेतनालाही. गरिबांनी तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा आपला अर्थ लावला होता: लाचारी करा, नाहीतर उपाशी मरा. १८७० च्या दशकात संस्थेच्या पाठिंब्याने घरपोच मदतीविरुद्ध मोहीम चालली आणि अशी मदत घेणाऱ्यांची संख्या सुमारे एक तृतीयांशाने घटली. याची नोंद यश म्हणून झाली.

ही विचारसरणी समुद्र ओलांडून दख्खनपर्यंत आली होती. १८७४ च्या बिहार दुष्काळात सढळ खर्च केल्याबद्दल टीका सोसलेले सर रिचर्ड टेंपल १८७७ साली दख्खन आणि मद्रासच्या दुष्काळावर आले ते काटकसरीचा वसा घेऊन. दुष्काळी कामावर राबणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरे, असे त्यांनी ठरवले. काम जड असावे, घरापासून दूर असावे, म्हणजे खरा गरजूच येईल. युक्तिवाद वर्कहाऊसचाच होता. मुंबई इलाख्यात हजारो मजूर या मजुरीला विटून कामे सोडून गेले आणि पुणे सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी, अर्थात सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने सरकारशी पत्रव्यवहाराची लढाई लढली. मद्रासमध्ये डॉ. कॉर्निश या आरोग्याधिकाऱ्याने एवढ्या अन्नावर राबणारा देह टिकत नाही, हे सरकारला ठणकावून सांगितले. इंग्लंडमध्ये अपमानाने केलेले काम येथे मृत्यूने केले.

इंग्लंडमधील वादाला वळण दिले ते दोन श्रीमंत उद्योजकांनी. चार्ल्स बूथ हा लिव्हरपूलचा जहाजकंपनीमालक. समाजवादी नव्हता, उलट समाजवाद्यांच्या भडक विधानांचा त्याला तिटकारा होता. १८८६ पासून पुढे सतरा वर्षे त्याने स्वतःच्या पैशाने लंडनची रस्तोरस्ती पाहणी केली. शाळेत न येणाऱ्या मुलांच्या घरी फिरणाऱ्या तपासनिसांकडून घराघराची माहिती मिळवली, प्रत्येक रस्ता नकाशात रंगवला: सर्वांत खालच्या थरासाठी काळा, धनिकांसाठी पिवळा. हिशेब निघाला की लंडनमधील ३०.७ टक्के लोक दारिद्र्यात आहेत. पण त्याहून महत्त्वाचा होता कारणांचा तक्ता. पूर्व लंडनमधील 'अतिगरीब' वर्गातील १,६१० कुटुंबप्रमुखांची कारणे त्याने लावून पाहिली. कामचुकार म्हणावेत असे निघाले ४ टक्के. दारू आणि उधळेपणा १४ टक्के. आजारपण, मोठे कुटुंब अशी परिस्थिती २७ टक्के. आणि ५५ टक्क्यांच्या बाबतीत कारण कामाशीच निगडित होते: रोजंदारी, अनियमित काम, अपुरी मजुरी.

बूथला गरिबांचा कैवारी बनवण्याची घाई करू नये. तळाच्या एका वर्गाला शहरातून उचलून सरकारी वसाहतींत ठेवावे, असे याच माणसाने सुचवले होते. तरीही वृद्धांविषयीच्या आपल्या आकड्यांपुढे त्याने मान तुकवली आणि १८९० च्या दशकात पासष्टीनंतर सरसकट सर्वांना आठवड्याला पाच शिलिंग द्यावेत, असा आग्रह धरला.

दुसरा माणूस सीबोम राउंट्री, यॉर्क शहरातील क्वेकर पंथीय चॉकलेट-उद्योजकाचा मुलगा. लंडनसारखे महानगर सोडा, एका साध्या शहरात काय आहे हे त्याला पाहायचे होते. १८९९ साली त्याच्या माणसांनी यॉर्कमधील ११,५६० कामगार कुटुंबांची, म्हणजे ४६,७५४ जणांची, घरोघर माहिती घेतली. मग त्याने विचारले, नवरा-बायको आणि तीन मुले यांना नुसता देह टिकवायला किती लागेल? उत्तर आले आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स. या रकमेत काय बसत नव्हते याची यादी त्याने स्वतःच दिली. वर्तमानपत्र नाही, गाडीभाडे नाही, दूरच्या नातलगाला पत्र नाही, प्रार्थनामंदिरात टाकायला नाणे नाही, मुलांना बाहुली किंवा गोट्या नाहीत, बापाला तंबाखू नाही. आहारात खाटकाकडचे मांस मुळीच धरले नव्हते; तो आहार वर्कहाऊसमधील धडधाकटांच्या आहाराहूनही साधा होता. १८३४ चे तत्त्व येथे डोक्यावर उभे राहिले. मजूर वर्कहाऊसच्या वर राहावा म्हणून वर्कहाऊस खाली ढकलले गेले होते, आणि साठ-पासष्ट वर्षांनी वर्कहाऊसहून हलका आहार धरूनही यॉर्कमधील अनेक अकुशल मजुरांची कमाई त्या रेषेपर्यंत पोहोचत नव्हती.

शहराच्या एकूण लोकसंख्येपैकी ९.९१ टक्के लोक या रेषेखाली होते. त्यांच्यातील निम्म्याहून अधिक, ५१.९६ टक्के, अशा घरांत राहत होते जेथे कमावता माणूस रोज नियमाने कामावर जात होता. मजुरीच कमी होती. बेकारीमुळे गरीब झालेले जेमतेम २.३१ टक्के. आणखी १७.९३ टक्के लोकांची मिळकत रेषेवर होती, पण पैसा दुसरीकडे गेल्याने ते हलाखीत दिसत होते. यात दारूचा वाटा मोठा आहे हे राउंट्रीने लपवले नाही. फक्त कोंदट खोली, कंटाळवाणे श्रम आणि विरंगुळ्याचा अभाव यांकडेही बोट दाखवले. माणसाची जबाबदारी त्याने पुसून टाकली नाही, ती किती जागेत उभी आहे ते मोजले.

धर्मादाय संस्थेकडून हेलन बोझँकेट यांनी त्याच्या रेषेवर आणि पद्धतीवर झोड उठवली. पण आतूनही भिंत खचत होती. संस्थेचे सुरुवातीचे खंदे पुरस्कर्ते, व्हाइटचॅपलचे पाद्री सॅम्युएल बार्नेट, अनेक वर्षे त्या वस्तीत राहिल्यावर निवृत्तिवेतनाच्या बाजूला गेले आणि आपल्या जुन्या सहकाऱ्यांवर त्यांनी जाहीर टीका केली. १९०५ साली नेमलेल्या नव्या शाही आयोगात हे सारे पक्ष समोरासमोर आले: एकीकडे बोझँकेट आणि ऑक्टेव्हिया हिल, दुसरीकडे बिअॅट्रिस वेब. १९०९ मध्ये दोन वेगळे अहवाल निघाले आणि सरकारने दोन्ही बाजूला ठेवले.

कारण सरकार आधीच दुसऱ्या वाटेने निघाले होते. १९०८ च्या कायद्याने सत्तरी ओलांडलेल्या, अल्प उत्पन्नाच्या वृद्धांना आठवड्याला पाच शिलिंग मंजूर झाले. १ जानेवारी १९०९ पासून ते टपालकचेरीत मिळू लागले. वर्कहाऊस नाही, धर्मादाय संस्थेची समिती नाही. कसोटी मात्र पूर्ण सुटली नव्हती. आयुष्यभर कामचुकारपणा केलेल्याला पैसे नाहीत, अशी अट होती. आणखी एक अट अशी की १ जानेवारी १९०८ नंतर ज्याने गरीब-कायद्याची मदत घेतली असेल तो अपात्र. पहिल्या तीन महिन्यांत इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंड मिळून सहा लाखांहून अधिक वृद्धांना हे वेतन लागू झाले. या सहा लाखांपैकी जवळपास कोणीही, कायद्याच्याच अटीनुसार, वर्षभरात पॅरिशच्या दारात गेले नव्हते. १८३४ च्या हिशेबाने ते गरजू नव्हतेच. १९११ पासून ती दुसरी अट उठली. इंग्लंड-वेल्समध्ये १९०६ साली सत्तरीवरील १ लाख ६८ हजार माणसे पॅरिशची घरपोच मदत घेत होती; १९१३ साली ती साडेआठ हजारांवर आली.

कसोटी नाव बदलून परत येते. मंदीच्या काळात, १९३१ साली, बेकारांच्या घरी तपासनीस पुन्हा येऊ लागले. मुलाची कमाई मोजून बापाचा भत्ता कापू लागले. त्याच्या आदल्याच वर्षी पॅरिश-संघांची मंडळे बरखास्त झाली होती आणि वर्कहाऊसांच्या दारावरच्या पाट्या बदलल्या होत्या. गरीब-कायदा संपुष्टात आला आहे, असे संसदेने स्पष्ट शब्दांत लिहिले ते १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्यात. त्याच वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेला इस्पितळांसाठी इमारती हव्या होत्या, आणि अनेक गावांत सर्वांत मोठी इमारत जुन्या वर्कहाऊसचीच होती. भिंती रंगवल्या गेल्या, खाटा आल्या, परिचारिका आल्या. उपचार मोफत होते. तरी पुढची वीस-पंचवीस वर्षे त्या गावांतील म्हातारी माणसे आजारी पडली की मुलांना विनवीत: हवे तर घरीच मरू द्या, पण तेथे नेऊ नका.